टेन्जेनवर मनाई आली, ती चिप उघडली म्हणून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील टेट्रिस या व्हिडिओ गेमवरच्या लेखात टेन्जेन या कंपनीची बोळवण ‘निन्टेन्डोचे कुलूप फोडून नकली टेट्रिस विकणारी अटारीची कंपनी’ अशा एका ओळीत केली आहे. या ओळीत दोन वेगवेगळे खटले एकत्र कालवले गेले आहेत आणि ‘अटारी’ नेमकी कोणती, हेही निसटले आहे. व्हिडिओ गेमवरच्या मराठी लिखाणात ही गफलत वारंवार दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आधी अटारीचे पाहू. १९८४ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने तोट्यातल्या अटारीचे दोन तुकडे केले. घरगुती संगणक आणि कन्सोलचा (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांचा) धंदा जॅक ट्रॅमिएल यांनी घेतला. ती अटारी कॉर्पोरेशन. नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांचा विभाग वेगळा राहिला. तो अटारी गेम्स, कॅलिफोर्नियातील मिल्पिटासचा. १९८५ मध्ये त्यातला मोठा हिस्सा जपानच्या नाम्कोकडे गेला. वाटणीत अट अशी होती की अटारी गेम्सने हे नाव आर्केड यंत्रांवर खुशाल लावावे, घरगुती मालावर मात्र लावू नये. त्यामुळे घरगुती गेम काढायचे तर नवे नाव हवे होते. डिसेंबर १९८७ मध्ये काढलेली ही उपकंपनी म्हणजे टेन्जेन. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीशी भांडली ती अटारी गेम्स आणि तिची ही उपकंपनी. ट्रॅमिएल यांच्या अटारीनेही निन्टेन्डोवर मक्तेदारीचा दावा लावला होता आणि १९९२ मध्ये तो गमावला. त्या दाव्याचा टेन्जेनशी संबंध नाही.

कराराच्या कलमातून उपकंपनी जन्माला येणे ही त्या काळात नवलाची गोष्ट नव्हती. निन्टेन्डोचा नियम होता की परवानाधारकाने तिच्या एनईएस या कन्सोलसाठी वर्षाला जास्तीत जास्त पाच गेम काढावेत. कोनामी या गेम कंपनीकडे माल त्याहून अधिक होता. १९८८ मध्ये तिने अमेरिकेत अल्ट्रा गेम्स ही उपकंपनी उभी केली आणि आणखी पाच गेमांची सोय करून घेतली. मेटल गिअर आणि १९८९ चा टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स हे अमेरिकेत अल्ट्राच्या नावावर आले, ते त्यामुळे. निन्टेन्डोला हे ठाऊक होते आणि चालतही होते, कारण अल्ट्राच्या कॅसेटी निन्टेन्डोच बनवत होती. टेन्जेनने मोडला तो नेमका हाच धागा.

निन्टेन्डोच्या परवान्यात पाच गेमांची मर्यादा ही तशी सौम्य अट म्हणायची. गेम तयार करून निन्टेन्डोकडे द्यायचा, कॅसेट निन्टेन्डो बनवणार, आणि त्याच कॅसेटी प्रकाशकाने निन्टेन्डोकडून विकत घ्यायच्या. शिवाय तोच गेम दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर द्यायचा नाही. १९८८ मध्ये मेमरी चिपांचा तुटवडा पडला तेव्हा कोणाला किती कॅसेटी मिळणार हेही निन्टेन्डोच ठरवत होती. मागितल्या तेवढ्या मिळतीलच याची खात्री नव्हती. या अटी अटारी गेम्सने डिसेंबर १९८७ मध्ये मान्य केल्या. १९८८ मध्ये पॅक-मॅन, गॉन्टलेट आणि आर.बी.आय. बेसबॉल हे टेन्जेनचे तीन गेम निन्टेन्डोच्या नेहमीच्या करड्या कॅसेटीत, रीतसर परवान्याने आले. लेखात टेन्जेनचा ‘सगळाच माल’ बेकायदा म्हटला आहे, तो या तिघांना लागू होत नाही.

आता कुलूप. एनईएसच्या मदरबोर्डवर एक सोळा पायांची छोटी चिप असते; अमेरिकी यंत्रात तिच्यावर ३१९३ए असा छाप दिसतो. आत चार बिटांचा साधा मायक्रोकंट्रोलर आणि जेमतेम अर्धा किलोबाइटचा प्रोग्रॅम, ज्याचे नाव टेनएनईएस. प्रत्येक परवानाधारक कॅसेटीत तिची जोडीदार चिप असते. मदरबोर्डवरची चिप कुलूप, कॅसेटीतली किल्ली. यंत्र चालू झाले की कुलूप सुरुवातीचा एक आकडा निवडून किल्लीला कळवते. तिथून पुढे दोघी एकाच गणिताने बिटांची माळ तयार करतात, एकमेकींना पाठवतात आणि समोरून आलेला बिट आपल्या हिशेबाशी ताडून पाहतात. जुळले तर गेम चालतो. एकदा जरी चुकले तरी कुलूप मुख्य प्रोसेसरला साधारण दर सेकंदाला रिसेट देत राहते. पडदा एकसारखा लुकलुकतो तो यामुळे. गेमच्या प्रोग्रॅमला यातले काहीही कळत नाही. हा सगळा संवाद त्याच्या बाहेर, स्वतंत्र तारांवर चालतो.

इतर विनापरवाना कंपन्यांनी यावर रांगडा उपाय काढला: कॅसेटीतून कुलपाच्या चिपेकडे उलट्या दाबाचा विजेचा झटका सोडायचा, म्हणजे ती गोंधळून गप्प बसते. कलर ड्रीम्सची रीत ही. पण निन्टेन्डोने मदरबोर्डमध्ये संरक्षण घातले की जुन्या कॅसेटी नव्या यंत्रावर चालेनाशा व्हायच्या. टेन्जेनला असा जुगाड नको होता. तिला खरी किल्ली हवी होती, कोणत्याही एनईएसवर हमखास चालणारी.

अटारी गेम्सच्या अभियंत्यांनी १९८६ मध्येच, म्हणजे परवाना घेण्याच्याही आधी, प्रयत्न सुरू केले होते. आधी दोन्ही चिपांमधला संवाद टिपून पाहिला. त्यातून गणित सुटले नाही. मग चिपचे थर रसायनाने एकेक करून सोलले आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतले शून्य-एक वाचायला घेतले. तरीही पुरेसा कोड हाती लागला नाही. इतक्या बारीक चित्रातून हजारो बिट डोळ्यांनी वाचताना एखादा चुकला, की पुढची सगळी माळ चुकते.

इथे वकील आले. निन्टेन्डोने टेनएनईएस प्रोग्रॅमची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केली होती आणि त्यासाठी कोडची प्रत तिथे जमा होती. जमा प्रतीची नक्कल सहसा बाहेर मिळत नाही; पण चालू खटल्यात ती लागणार असेल, तर वकिलाच्या लेखी निवेदनावर मिळू शकते. १९८८ च्या सुरुवातीला अटारीच्या वकिलाने अर्ज केला. आपल्यावर उत्तर कॅलिफोर्नियाच्या जिल्हा न्यायालयात उल्लंघनाचा दावा चालू असून नक्कल फक्त त्याच कामासाठी वापरू, असे त्यात लिहून दिले. असा कोणताही दावा तेव्हा अस्तित्वात नव्हता. उभय पक्षांतला पहिला खटला डिसेंबर १९८८ मधला, आणि तोही अटारीनेच निन्टेन्डोवर मक्तेदारीबद्दल लावलेला. निन्टेन्डोचा कॉपीराइटचा दावा आला नोव्हेंबर १९८९ मध्ये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नक्कल हाती येताच अभियंत्यांनी सोललेल्या चिपवरून हाताने उतरवलेले शून्य-एक तिच्याशी ताडून दुरुस्त केले. मग स्वतःची चिप बनवली, तिच्यातल्या प्रोग्रॅमचे नाव रॅबिट. वेगळा प्रोसेसर, वेगळी भाषा. हा प्रोसेसर निन्टेन्डोच्या चिपेहून वेगवान, म्हणून माळेचा ठेका जुळावा यासाठी प्रोग्रॅममध्ये जागोजागी मुद्दाम थांबे घालावे लागले. बाहेर पडणारे संकेत मात्र निन्टेन्डोच्या किल्लीपासून ओळखू न येण्याइतके हुबेहूब. डिसेंबर १९८८ मध्ये टेन्जेनने मक्तेदारीचा दावा दाखल केला आणि काळ्या, गोलसर कडांच्या स्वतःच्या कॅसेटी बाजारात आणल्या. परवान्याचे तीन गेमही त्यात पुन्हा काढले. पुढे शिनोबी, आफ्टर बर्नर, एलियन सिन्ड्रोम, फॅन्टसी झोन हे चक्क प्रतिस्पर्धी सेगाचे गेम निन्टेन्डोच्या यंत्रावर आले ते टेन्जेनमुळेच. निन्टेन्डो दुकानदारांवर दबाव आणून हा माल ठेवू देत नाही, अशी अटारीची तक्रार होती.

लेखकाने ज्या निकालाचा उल्लेख केला आहे, तो मुळातून वाचण्याजोगा आहे. मार्च १९९१ मध्ये न्या. फर्न स्मिथ यांनी रॅबिट चिपवर अंतरिम मनाई दिली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने ती कायम केली. परंतु अपील न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, रीतसर ताब्यात असलेली चिप सोलून पाहणे हे कॉपीराइटचे उल्लंघन नाही. प्रोग्रॅममागची कल्पना समजून घेण्यासाठी कोड उलगडणे हा न्याय्य वापर ठरू शकतो. फक्त हा बचाव घेणाऱ्याकडे कामाची प्रत अधिकृतपणे आलेली हवी. अटारीकडची कॉपीराइट कार्यालयातली प्रत खोटे सांगून आणलेली होती. तिथेच बचाव कोसळला.

दुसरा मुद्दा रॅबिटच्या मजकुराचा. आजचे कुलूप उघडायला ज्यांची मुळीच गरज नाही, अशा सूचनाही रॅबिटमध्ये टेनएनईएससारख्याच सापडल्या. अटारीचे म्हणणे, निन्टेन्डो उद्या कुलपात बदल करील, तेव्हा या सूचना लागतील. उद्याच्या तर्कावर आज नक्कल करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. स्वतंत्रपणे घडवलेल्या किल्लीत निरुपयोगी खाचासुद्धा तशाच कशा येतील? आमच्या मते, चार महिने जास्त घेऊन नुसत्या सोललेल्या चिपवरून काम पुरे केले असते आणि गरजेपुरत्याच सूचना ठेवल्या असत्या, तर टेन्जेनची बाजू कितीतरी भक्कम झाली असती. त्याच १९९२ साली अकोलेड या कंपनीने सेगाच्या विकत घेतलेल्या कॅसेटी उलगडून जेनेसिस कन्सोलवर गेम कसे चालवायचे ते शोधले आणि नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात ती जिंकली. दोन्ही प्रकरणांत तंत्र थोड्याफार फरकाने तेच. प्रत कुठून आली, हा फरक मोठा.

हे आपल्या वाचकांनाही परके नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ (१) मध्ये एक उपकलम घातले गेले. स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर चालावा, यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचे काम उल्लंघन ठरत नाही. अट अशी की ते करणारा प्रोग्रॅमचा कायदेशीर धारक असावा आणि ती माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसावी. पुण्या-मुंबईत जुन्या यंत्रांशी जुळणारे सुटे भाग किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ‘टेन्जेन हरली, म्हणजे चिप उघडणेच गुन्हा’ असा अर्थ काढला, तर तो चुकीचा ठरेल. कुलूप तोडण्याबद्दलचे कलम ६५ए २०१२ मध्ये वेगळे आले आहे. तेही वाचावे लागेल, पण त्यातही उल्लंघनाचा हेतू पाहिला जातो.

टेट्रिसचा खटला याहून अगदी निराळा. त्यात चिपेचा काही संबंध नाही. तिथे कागदाची साखळी तुटली.

अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात इलेक्ट्रोनिका-६० या संगणकावर हा खेळ लिहिला. लंडनच्या अँड्रोमेडा कंपनीचे रॉबर्ट स्टाइन यांनी हक्क हाती पक्के येण्याआधीच ते पुढे विकले. त्यांच्याकडून ते ब्रिटनच्या मिररसॉफ्टकडे आणि तिथून अटारी गेम्सकडे, म्हणजे टेन्जेनकडे आले. टेन्जेनने जपानसाठीचे हक्क पुढे सेगाला आणि हेंक रॉजर्स यांच्या बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअरला दिले. फेब्रुवारी १९८९ मध्ये रॉजर्स मॉस्कोत एलोर्ग या सोव्हिएत संस्थेत गेले आणि आपली जपानी कॅसेट त्यांनी तिथले अधिकारी निकोलाय बेलिकोव यांच्यापुढे ठेवली. कन्सोलचे हक्क आम्ही कोणालाच दिलेले नाहीत, असे तिथे ऐकायला मिळाले. त्याच आठवड्यात बेलिकोव यांनी स्टाइन यांच्याकडून करारात दुरुस्ती करून घेतली: संगणक म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेले यंत्र. स्टाइन यांचे लक्ष उशिरा पैसे भरल्यास होणाऱ्या दंडाच्या कलमावर होते. व्याख्येचे कलम नजरेतून निसटले. मार्चमध्ये निन्टेन्डोने कन्सोलचे हक्क थेट एलोर्गकडून घेतले.

टेन्जेनने तरीही मे १९८९ मध्ये आपली टेट्रिस आणली. न्यायालयात युक्तिवाद असा केला, की निन्टेन्डोचे यंत्रही संगणकच. जपानमध्ये त्याचे नावच फॅमिली कॉम्प्युटर, त्याला कीबोर्ड आणि डिस्क ड्राइव्हसुद्धा जोडता येतात. युक्तिवाद चतुर होता, पण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एनईएसला यातले काहीच नव्हते. जून १९८९ मध्ये न्या. स्मिथ यांनीच मनाई दिली. तोवर सुमारे एक लाख कॅसेटी विकल्या गेल्या होत्या. गोदामातल्या अडीच लाखांहून अधिक नष्ट कराव्या लागल्या.

‘नकली’ हा शब्द इथे विशेष खटकतो. टेन्जेनने हक्क खरोखर विकत घेतले होते, पैसे मोजले होते. विकणाऱ्याकडेच ते नव्हते. सातबारा न पाहता जमीन घेणाऱ्याची जी गत होते, तीच. आणि खेळ म्हणून ती आवृत्ती सरसच होती. अॅस्टेरॉइड्स आणि गॉन्टलेटवाले एड लॉग यांनी ती लिहिली. दोघांना एकाच वेळी शेजारी-शेजारी खेळता येते, रुंद खड्ड्यात दोघांनी मिळून रांगा भरता येतात, जोडीला किंवा विरोधात संगणकही घेता येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या एनईएस आवृत्तीत यातले एकही नाही.

पुढचे थोडक्यात. सेगाच्या जेनेसिसवर मात्र टेन्जेन रीतसर परवानाधारक होती. हार्ड ड्रायव्हिन, रॅम्पार्ट, १९९३ चा गॉन्टलेट ४ हे तिचेच. १९९४ मध्ये निन्टेन्डोशी तडजोड झाली आणि त्याच वर्षी टेन्जेन हे नाव पुसून टाइम वॉर्नर इंटरॅक्टिव्ह झाले. १९९६ मध्ये ते सगळे मिडवे या गेम कंपनीची मालक असलेल्या डब्ल्यूएमएसने घेतले. अटारी गेम्सचे शेवटी मिडवे गेम्स वेस्ट झाले आणि २००३ मध्ये ते बंद पडले. मिडवे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर तिची बरीचशी मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतली. गॉन्टलेट फिरून वॉर्नरच्याच घरी आला.

लेखाच्या चौकटीत ‘अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवा’ असा सल्ला आहे, म्हणून काही सूचना. आपल्याकडे नव्वदच्या दशकात विकली गेलेली टीव्ही गेमची यंत्रे जपानी धाटणीची, साठ पिनांची. त्यांत कुलपाची चिपच नसते. म्हणून त्या शेकडो गेमवाल्या पिवळ्या कॅसेटी बिनबोभाट चालत. अमेरिकी कॅसेट बहात्तर पिनांची असते. ती आपल्याकडच्या यंत्रात लावायची तर ७२ वरून ६० चा अॅडॉप्टर लागतो, आणि तिथे रॅबिट चिपला काही कामच उरत नाही.

मूळ एनईएस आणलाच, तर त्याचा अमेरिकी अॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात कदापि लावू नये. तो १२० व्होल्टचा असतो आणि लगेच जळतो. समोरून कॅसेट घालायच्या यंत्रात आतच ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असतो, त्यामुळे ९ व्होल्ट, १.३ अँपिअरचा साधा डीसी अॅडॉप्टर चालतो, अधिक-उणे टोक कोणतेही असो. जपानी फॅमिकॉमला (फॅमिली कॉम्प्युटरला) मात्र ही मोकळीक नाही, त्याला मधले टोक उणेच हवे. टीव्हीला अँटेनाची वायर न जोडता यंत्राच्या बाजूच्या पिवळ्या-लाल सॉकेटमधून जोडावे आणि टीव्ही एनटीएससी (अमेरिकी चित्रपद्धत) घेतो ना, ते आधी पाहावे.

पडदा सेकंदा-सेकंदाला लुकलुकत असेल, तर कुलपाला किल्ली दिसत नाही असे समजावे. कॅसेट बाद झाली असे नव्हे. पडदा स्थिर पण एकरंगी किंवा चित्रविचित्र अक्षरांचा असेल, तर गेमच्या चिपेचा संपर्क तुटला आहे. दोन्हींत बहुधा दोष आतल्या बहात्तर पिनांच्या कनेक्टरचा. कॅसेटीच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसाव्यात, काडी काळी येईनाशी होईपर्यंत. पॉलिशपेपर लावू नये, मुलामा निघतो. फुंकर मारणे बंद करावे, थुंकीतल्या ओलाव्याने गंज वाढतो. मूळ कनेक्टर काढून पाण्यात दहा मिनिटे उकळून, एक दिवस पूर्ण वाळवून परत बसवला, तर बहुतेकदा पुन्हा चालतो. बाजारातले स्वस्त नवे कनेक्टर कॅसेटीला इतके घट्ट चावतात की ती बाहेर काढताना ओढाताण होते. एवढ्यानेही लुकलुक थांबली नाही, तर मदरबोर्डवरच्या ३१९३ए चिपेचा चौथा पाय उचलून जमिनीच्या तारेला जोडतात. मग ती चिप स्वतःला कुलूप न समजता किल्ली समजते आणि रिसेट देणे सोडते. १९९३ च्या वरून कॅसेट घालायच्या एनईएसमध्ये निन्टेन्डोने हे कुलूप स्वतःच वगळले होते.

शेवटी एक दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेखासोबत ‘टेन्जेनची बंदी आलेली टेट्रिस’ म्हणून दिलेले छायाचित्र निन्टेन्डोच्या करड्या कॅसेटीचे आहे. टेन्जेनची कॅसेट काळी असते आणि तिच्यावरील इंग्रजी नावातला आर हा रशियन ‘या’सारखा उलटा छापलेला असतो.

आपले,
जुन्या गेम कन्सोलची दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे